नळगंगेच्या काठाने खारपाणात

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ सोडून वऱ्हाडात शिरली, की पहिले मोठे स्टेशन लागते मलकापूरचे. विदर्भाचे प्रवेशद्वार म्हणतात ते हेच. विजयादशमीच्या दिवसांत दीक्षाभूमीकडे निघालेल्या आपल्या बांधवांच्या गाड्या याच रुळावरून धावतात. डब्यात पाय ठेवायला जागा नसते, कडेवर लेकरे असतात, तोंडी बाबासाहेबांचा जयजयकार असतो. मलकापूर आले की कोणी तरी बाटली घेऊन नळाकडे पळतो, आणि बाटली भरेपर्यंत गाडी सुटते. आपल्यापैकी बहुतेकांना मलकापूर माहीत आहे ते एवढेच.

या खेपेस आम्ही मुद्दाम येथे उतरलो. बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव नळगंगा नदीच्या काठी वसले आहे. कापसाची मोठी पेठ, सरकी काढणारे जिन, मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता आणि जवळच दसरखेडची औद्योगिक वसाहत, असे हे धावपळीचे गाव. परंतु आम्हांला पाहायची होती ती बाजारपेठ नव्हे. गावात आलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कोठे, आणि ते पुन्हा शेतीला देता येईल का, हा प्रश्न घेऊन आम्ही नळगंगेच्या काठाने उत्तरेकडे, पूर्णा नदीच्या दिशेने निघालो. कारण पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा, आणि खारपाणात पाण्याचा कोणताही प्रश्न मिठाला वगळून सुटत नाही.

समुद्र नाही, तरी पाणी खारट

नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या सखल भागातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी पूर्णा. अमरावती, अकोला, बुलढाणा असे तीन जिल्हे ओलांडून ही नदी चांगदेवजवळ तापीला मिळते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून हजारो वर्षे गाळ वाहत आला आणि या खोऱ्यात साचत गेला. काळी, खोल, चिकण माती झाली. पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, उन्हाळा मात्र अंग भाजणारा. उतार कमी, त्यामुळे जमिनीतले पाणी पुढे सरकत नाही. ऊन पाणी ओढून घेते आणि पाण्यातला क्षार मागे राहतो. शतकानुशतके हेच चालले. आज अशी सुमारे ९०० गावे आहेत, की जेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही.

मलकापूर या पट्ट्याच्या पश्चिमेकडच्या कडेला येते. पुढे नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत गेलात की खारपाण म्हणजे काय ते घरोघरी कळते. एका पाणवठ्यावर आम्हांला भेटलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, ह्या पान्यानं दाळ शिजत नाही अन् साबन फेसत नाही. ढोर पन तोंड लावून मागं सरते." शास्त्राच्या पुस्तकात दोन पाने लिहून जे सांगावे, ते मावशींनी दोन वाक्यांत सांगितले.

पिण्यासाठी संग्रामपूर व जळगाव जामोदकडे वान धरणाच्या पाण्यावर १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली. तरीही ज्या वस्तीत नळ कोरडा राहतो, तेथे हापशाचे नाहीतर विकतचे पाणी प्यावे लागते. या तालुक्यांतून मूत्रपिंडाच्या, म्हणजे किडनीच्या, आजाराच्या तक्रारी अनेक वर्षे येत आहेत. उन्हात दिवसभर राबणे, पाणी कमी पिणे, रक्तदाब, साखर, अंगदुखीच्या गोळ्या ही कारणेही या आजारामागे असतात. म्हणून या भागातल्या घरांत वर्षातून एकदा लघवीची व रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे. ती शासकीय रुग्णालयात होते.

खारे पाणी मातीचे काय करते?

पाणी खारट असले तरी पीक का घेऊ नये, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. येथे दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट साध्या मिठाची. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की त्यांचे पाणी सुटते. तसेच जमिनीत मीठ वाढले, की मुळांना पाणी ओढता येत नाही. शेत ओले दिसते आणि पीक तहानलेले राहते.

दुसरी गोष्ट सोडियमची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भूजलात हा घटक पुष्कळ असतो. चिकण मातीच्या कणांना सोडियम चिकटले की कण फुगतात, सुटे होतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवतात. मग वरचे पाणी खाली उतरत नाही. पाऊस पडला की शेतात तळे होते, आणि उघडीप झाली की तीच जमीन दगडासारखी टणक होऊन भेगाळते. नांगर लागत नाही, बी उगवत नाही. म्हणून येथला जाणता शेतकरी विहिरीला पाणी असूनही ते पिकाला देत नाही. मूग, ज्वारी, कापूस, तूर आणि ओल असेल तर हरभरा, अशी पावसाच्या भरवशावरची शेती तो करतो. अशा जमिनीला जिप्सम देतात. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि मोकळे झालेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जाते. १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या जमिनींसाठी जिप्सम, हिरवळीचे खत आणि पावसाचे पाणी साठवणारे शेततळे सुचवीत आले आहे. शेततळ्यातल्या पाण्याचे एक-दोन ओलित मिळाले, तरी हरभऱ्याचे पीक हाती लागते.

गोड्या पाण्याची येथे ही किंमत आहे. म्हणूनच गावच्या गटारातून रोज वाहून जाणारे पाणी पाहिले की कोणाच्याही मनात येते : हे पाणी तर नळाचे, मुळात गोडे. ते स्वच्छ करून शेतीला का देऊ नये?

वरणातले मीठ गाळून निघत नाही

कल्पना चांगली आहे आणि जगभर ती अमलातही आली आहे. परंतु 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात काय होते? आधी जाळीने चिंध्या व कचरा अडवतात. मग पाणी हौदात संथ ठेवून गाळ खाली बसवतात. नंतर पाण्यात हवा सोडतात, म्हणजे त्यातले सूक्ष्म जीव वाढून घाण खाऊन टाकतात. पुन्हा गाळ बसवतात आणि शेवटी जंतू मारण्यासाठी क्लोरिन देतात. पाणी निवळते, वास जातो, जंतू कमी होतात. मीठ मात्र तसेच राहते. वरण खारट झाले तर ते कितीही बारीक चाळणीने गाळा, मीठ निघते का? तसेच हे आहे.

उलट घरातून फिरून आलेल्या पाण्यात मीठ वाढलेलेच असते. स्वयंपाकाचे मीठ, लघवीतले क्षार, धुण्याची पावडर, सोडा हे सारे मोरीतून जाते. एकदा वापरलेल्या पाण्यात दर लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम क्षार जास्त असतात.

आता आपण एक हिशेब मांडू. समजा, शेताला दिलेल्या पाण्यात लिटरमागे १ ग्रॅम क्षार आहेत. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी दिले म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी झाले. त्यातून २ लाख ग्रॅम, म्हणजे २०० किलो क्षार त्या एकरात पडले. हंगामात अशा पाच पाळ्या दिल्या तर १० क्विंटल! लिटरमागे पाव ग्रॅम क्षार असलेले पाणी दिले, तर हाच आकडा अडीच क्विंटलवर येतो. पाणी उन्हाने उडून जाते, क्षाराची पोती शेतातच राहतात. निचरा चांगला असेल तर पाऊस ती धुऊन नेतो. पूर्णाकाठच्या चिकण मातीत निचराच कमी.

क्षार काढणारे यंत्रही आहे. घरोघरी व गावोगावी बसलेले आर.ओ. मशिन म्हणजे तेच. परंतु ते मीठ नाहीसे करीत नाही, बाजूला काढते. एका नळीतून गोडे पाणी येते आणि दुसऱ्या नळीतून जास्त खारे झालेले पाणी बाहेर पडते. खारपाणातल्या गावात ते खारे पाणी शेजारच्या नालीत सोडले, तर मीठ फिरून त्याच जमिनीत गेले.

समुद्रकाठच्या लोकांनी काय केले

समुद्रकाठी पाण्याचे वेगळेच दुखणे असते. जमिनीखालचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की रेटा कमी होतो आणि समुद्र आत सरकतो. आपल्या वसईच्या वाड्यांना हा अनुभव आला. टँकर भरण्यासाठी रात्रंदिवस उपसा झाला आणि केळी-पानवेलींना गोडे पाणी पाजणाऱ्या विहिरी मचूळ झाल्या.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीने यावर उपाय केला. १९७६ पासून तेथे शुद्ध केलेले सांडपाणी विहिरींच्या रांगेतून जमिनीत दाबून समुद्राला अडवणारी पाण्याची भिंत उभी केली. २००८ साली तेथे याहून मोठे केंद्र सुरू झाले. त्यात क्षारही काढतात आणि उरलेले खारे पाणी समुद्रात सोडतात. इस्रायलमध्ये तेल अवीव शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी किनाऱ्याच्या वाळूत मुरवतात, वाळूतून गाळून निघालेले पाणी पुन्हा उपसतात आणि दक्षिणेच्या कोरड्या मुलखातल्या शेतीला देतात. त्या देशात सांडपाण्याचा फार मोठा भाग असा शेतीला जातो. तरी तेथेही अनुभव आला, की वर्षानुवर्षे असे पाणी दिल्याने काही जमिनींत सोडियम वाढले. मग त्यांनी कारखान्यांनी व साबण-पावडर बनवणाऱ्यांनी कोणते क्षार किती वापरावेत यावर बंधने घातली. मीठ नंतर काढण्यापेक्षा आधीच पाण्यात जाऊ न देणे स्वस्त पडते.

आपल्या देशातले उदाहरण कर्नाटकचे. २०१८ पासून बंगळूरचे शुद्ध केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते. कोरड्या पडलेल्या तलावांत पाणी आले, आसपासच्या विहिरींची पातळी वर आली. परंतु त्याच वर्षी एका तलावात पांढरा फेस तरंगताना लोकांनी पाहिला, तक्रार न्यायालयात गेली आणि काही काळ पाणी बंदही झाले. पाणी अजून एका पायरीने शुद्ध करून द्या, ही तेथल्या शेतकऱ्यांची मागणी. आपल्या पुण्याचे शुद्ध केलेले पाणीही मुंढव्याहून जुन्या मुठा कालव्यात सोडून हवेली-दौंडच्या शेतीला दिले जाते. त्या शेतकऱ्यांचीही तक्रार हीच, की पाणी मिळते, पण नीट शुद्ध होऊन मिळत नाही.

या सगळ्यांतून मलकापूरने काय घ्यावे? एक मोठा फरक ध्यानात ठेवावा. समुद्रकाठी क्षार बाजूने येतो, म्हणून जमिनीत ढकललेले पाणी त्याला मागे रेटते. आपल्याकडे क्षार खालीच बसला आहे. समुद्रकाठी नको असलेले मीठ टाकायला समुद्र आहे. नळगंगेच्या काठी असा समुद्र नाही. येथे जमिनीत आणलेले मीठ वर्षानुवर्षे येथेच मुक्कामाला राहणार. म्हणून जमिनीत मुरवायचे ते पावसाचे पाणी, आणि शुद्ध केलेले सांडपाणी शक्यतो कारखान्यांना, बांधकामाला, रस्त्यावरच्या झाडांना द्यावे, असे आमचे मत झाले. नागपूरने हेच केले आहे. तेथे भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते. दसरखेडसारखी वसाहत जवळ असताना मलकापूरलाही हा मार्ग मोकळा आहे. शेतीला द्यायचेच असेल, तर आधी क्षार तपासून, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात मिसळून, जिप्समची व निचऱ्याची सोय करून द्यावे.

४२६ किलोमीटरवरून येणारे पाणी

हा प्रश्न केवळ मलकापूरच्या गटाराचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला हे जिल्हे ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगा धरणापर्यंत आणायचे, अशी ही योजना. खर्च सुमारे ८७ हजार कोटी रुपये आणि ओलित सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर. मलकापूरच्या वरच्या अंगाला, मोताळा तालुक्यात असलेले नळगंगा धरण हे या कालव्याचे शेवटचे टोक.

आता गोसीखुर्दच्या वर काय आहे ते पाहा. नागपूर शहराचे सांडपाणी पोटात घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयात येते. काळ्या, दुर्गंधी पाण्याबद्दल भंडाऱ्याचे लोक कित्येक वर्षे ओरडत आहेत. नाग नदी स्वच्छ करण्याच्या सुमारे १,९२५ कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. म्हणजे नागपूरच्या एखाद्या वस्तीतली मोरी आणि पूर्णाकाठचे शेत यांचे नाते जुळणार आहे. तेथे गटार शुद्ध झाले तर येथे कालव्याला चांगले पाणी येईल. "हे असल्यामुळे ते होते" हा भगवान बुद्धांनी सांगितलेला कार्यकारणाचा नियम पाण्यालाही लागू आहे.

दुसरा धोका कालव्याचाच. नीरा डाव्या कालव्याच्या भागात ओलित आले आणि काही वर्षांतच निचऱ्याअभावी जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. सांगली-कोल्हापूरकडे उसाला वारेमाप पाणी पाजून हजारो एकर जमीन मिठाने पांढरी झाली. खाली आधीच खारे पाणी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात पाटपाणी बेहिशेबी दिले, तर खालचा क्षार वर यायला वेळ लागणार नाही. कालव्याबरोबर निचऱ्याचे चर आणि तुषार-ठिबकची सोय झालीच पाहिजे.

हात कोणाचे, पाणी कोणाचे

नाल्याच्या काठी भाजीचे वाफे असतात. कोणत्याही शहराच्या खालच्या अंगाला गेलात तर हे दृश्य दिसेल. नाल्यावर मोटर बसवून घाण पाणी तसेच मेथी, पालक, कोथिंबिरीला सोडतात. पाण्यातल्या खताच्या अंशाने भाजी तरारते. त्या पाण्यात उभे राहून अनवाणी पायांनी, उघड्या हातांनी भाजी खुडणाऱ्या बायका कोणाच्या घरच्या असतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्यातल्या पुष्कळांना जमीन नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यांतून ज्यांना गायरानाचा तुकडा मिळाला, त्यांतही अनेकांना नाल्याकाठची, पडीक, खारवट जमीनच वाट्याला आली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली यासाठी साधा नियम सांगितला होता : कच्ची खाल्ली जाणारी भाजी पिकवायची असेल, तर पाण्याच्या एका लिटरमध्ये जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जंतू १,००० पेक्षा जास्त नसावेत. पुढे २००६ साली संघटनेने याबाबत अधिक सविस्तर मार्गदर्शन केले. लहान गावाला यासाठी महागडी यंत्रेच लागतात असे नाही. उथळ तळ्यांची रांग करून पाणी आठ-दहा दिवस उन्हात संथ ठेवले, तरी जंतांची अंडी तळाशी बसतात. जागा मात्र लागते.

आणि गटार साफ करणारे हात? मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. निकाल झाले, मरणे थांबली नाहीत. सांडपाण्याचे नवे केंद्र म्हणजे प्रगती, हे आम्हांला मान्य आहे. पण तेथे यंत्राने काम होणार, की पुन्हा आपल्याच पोरांना दोरी बांधून खाली सोडणार, हे केंद्राच्या उद्घाटनाआधी विचारले पाहिजे.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो माणुसकीचा हक्क होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्याच बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. आजच्या केंद्रीय जल आयोगाची मुळे त्यांच्या त्या कामात, १९४५ साली नेमलेल्या आयोगात, आहेत. पाण्यावर हक्क सांगणारा महापुरुष पाण्याचे शास्त्रही जाणत होता. आपण हक्काचा अर्धा भाग पाठ केला आणि शास्त्राचा अर्धा भाग इंजिनियर मंडळींवर सोडून दिला, असे होऊ नये.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण पेटले, तेव्हा तरुण सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रसंग गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. वरच्या गावाने पाणी वापरावे आणि खालच्या गावाने त्याची घाण सोसावी, हेही एक न बोलता चाललेले युद्धच आहे. ते मिटवायचे असेल तर खालच्या गावाने आकडे हातात घेऊन बोलायला शिकले पाहिजे.

घरी आणि ग्रामसभेत

शेवटी आया-बहिणींसाठी व तरुण मंडळांसाठी काही कामाच्या गोष्टी सांगतो.

पालेभाजी वाहत्या किंवा दोन-तीनदा बदललेल्या स्वच्छ पाण्यात धुवावी आणि नाल्याकाठची भाजी कच्ची खाऊ नये. नाल्याच्या पाण्यात काम करणाऱ्या बहिणींनी रबरी बूट व हातमोजे मालकाकडे मागावेत, घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत आणि लेकरांना वेळेवर जंताचे औषध द्यावे. सांडपाण्याचा निचरा विहिरीजवळ होत असेल तर त्या विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट तपासावे. ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाला मुळीच देऊ नये, उकळल्याने ते कमी होत नाही. आर.ओ.चे खारे पाणी कुंडीत किंवा परसात ओतू नये. ते फरशी धुवायला व संडासात वापरावे.

विहिरीचे पाणी शेताला देण्याआधी माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि क्षार किती, सोडियमचे प्रमाण किती, या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. ते आकडे विहाराच्या फळ्यावर सर्वांना दिसतील असे मांडावेत. एका वस्तीतल्या दहा विहिरींचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, की कोठे गोडे पाणी आहे आणि कोठे शेततळे घ्यावे, हे लहान पोरालाही कळेल.

ग्रामसभेत आणि नगरपालिकेत चार प्रश्न विचारावेत. गावचे सांडपाणी कोठे जाते? ते शुद्ध होत असेल तर त्याच्या तपासणीचे कागद कोठे पाहायला मिळतील? त्यात जंतूंबरोबर क्षारही मोजला आहे काय? आणि केंद्रात उतरणाऱ्या कामगाराच्या अंगावर कोणती साधने आहेत? उत्तर तोंडी घेऊ नये, लेखी मागावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे.

नळगंगेचे पात्र आम्ही पाहिले तेव्हा त्यात पाणी थोडे आणि गवत जास्त होते. एक म्हातारे बाबा काठावर शेळ्या चारीत बसले होते. कालवा येणार हे त्यांनी ऐकले होते. "येऊ द्या," ते म्हणाले, "पन आधी कोनी तरी चाखून पाहा म्हना."